मुठेल घट्ट पण असंपृक्त, खोबरेल पातळ पण संपृक्त? दहावीच्या कार्बनने डोकं फिरवलंय

बारावी_कॉमर्स (डोंबिवली)

नमस्कार मंडळी,

मी कॉमर्सवाली. रसायनशास्त्राशी माझा काडीमोड दहावीतच झाला होता, तो आता लेकीच्या दहावीमुळे पुन्हा गळ्यात पडलाय. धडा कार्बनी संयुगे. कार्बनला चार हात, मिथेन, इथेन, प्रोपेन, इथपर्यंत आम्ही दोघी बऱ्यापैकी तरलो. कार्बन-कार्बनमध्ये सगळे एकेरी बंध असले की संपृक्त, कुठेही दुहेरी किंवा तिहेरी आला की असंपृक्त, हेही पाठ. घोळ पुढे आहे.

क्लासच्या वहीत तिने लाल पेनाने चौकट करून आणलंय: "संपृक्त = घट्ट, असंपृक्त = पातळ." खाली वनस्पती तुपाचं उदाहरण. तेलात निकेल उत्प्रेरक घालून हायड्रोजन सोडला की दुहेरी बंध मोडतात आणि पातळ तेलाचं घट्ट तूप होतं. मला पटलं. पण सध्या थंडी आहे. सकाळी सहाला आमची खोबरेलाची बाटली दगड असते, दुपारी तीनला पाणी. परवा केस विंचरताना कन्यारत्न विचारतं, "आई, म्हणजे हे सकाळी संपृक्त आणि दुपारी असंपृक्त असतं का?" मी हसले खरी, पण उत्तर नव्हतं.

पुस्तकात टिंक्चर आयोडीनचा प्रयोग आहे. तेलात थेंब टाकायचे, असंपृक्त असेल तर आयोडीनचा रंग जातो. म्हटलं, रविवारी करूनच बघू. आधी घरातलं जखमेवर लावायचं पोव्हिडोन-आयोडीन घातलं. ते पाण्यातलं निघालं. तेलाच्या तळाशी जाऊन तपकिरी गोटी होऊन बसलं, कितीही हलवा, मिसळेना. मग टिंक्चर, म्हणजे अल्कोहोलमधलं आयोडीन, शोधलं, चौथ्या मेडिकलमध्ये मिळालं. होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या चार रिकाम्या बाटल्या घेतल्या. सूर्यफूल तेल, वनस्पती तूप, खोबरेल, आणि चौथ्या बाटलीत काय घालायचं म्हणून मुठेल. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या, बियांचं तेल. सासूबाई दर मे महिन्यात वेंगुर्ल्याहून आणतात, पांढरट गोळे असतात, टाचेच्या भेगांना लावायचे.) प्रत्येकात एकेक चमचा, घट्ट होतं ते वितळवून. वर चार-चार थेंब. चारही बाटल्या गरम पाण्याच्या पातेल्यात उभ्या.

सूर्यफुलाचा रंग बघता बघता गेला. त्याच्या मागोमाग वनस्पतीचा उतरला, हे आम्हाला अपेक्षित नव्हतं. मुठेल हळूहळू फिकट होत दहा मिनिटांनी लिंबाच्या सरबतासारखं दिसायला लागलं. आणि खोबरेल? तसंच. कोऱ्या चहासारखं.

म्हणजे टाचेवर घासल्याशिवाय जे विरघळत नाही ते मुठेल असंपृक्त, आणि बाटलीतून धार लागते ते खोबरेल संपृक्त! लाल चौकट बरोबर उलटी. सासूबाई तोवर ओट्याशी येऊन उभ्या. "पायाक लावच्या वस्तूचो ह्यो काय खेळ मांडलात?"

प्रश्न दोन. हे असं का? आणि पेपरात काय लिहायचं?

---

फळा_आणि_डस्टर

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण तेच तातडीचं आहे. पेपरात मुठेल येणार नाही. वनस्पती तूप येईल. हायड्रोजनची समावेशन अभिक्रिया, निकेल उत्प्रेरक, दुहेरी बंधाचा एकेरी होतो, एवढं लिहा.

व्याख्या मात्र नीट शिकवा. संपृक्त की असंपृक्त हे फक्त कार्बन-कार्बनमधल्या बंधावरून ठरतं. घट्ट-पातळ हा तापमानाचा खेळ. इथीन असंपृक्त आहे आणि वायू आहे, मेण संपृक्त आहे आणि घट्ट आहे, मिथेन संपृक्त आहे आणि पुन्हा वायू. ती लाल चौकट खोडायला सांगा.

---

ब्लँक_रीडिंग

वहिनी, लेकीला शाबासकी द्या. "सकाळी संपृक्त, दुपारी असंपृक्त" हा प्रश्न मला नोकरीत कुणी विचारला असता तर मी त्या पोराला त्याच दिवशी कायम केलं असतं. तेलं तपासण्याच्या प्रयोगशाळेत ३१ वर्षं काढली, त्यातली निम्मी आयोडीन मूल्य काढण्यात. शंभर ग्रॅम तेल किती ग्रॅम आयोडीन पचवतं, तो आकडा म्हणजे आयोडीन मूल्य. दुहेरी बंध जितके जास्त तितका आकडा मोठा. सूर्यफुलाचा शंभराच्या वर, १४० पर्यंतही जातो. मुठेलाचा तिशी ओलांडतो, चाळिशीच्या पुढे सहसा जात नाही. खोबरेलाचा आठ-नऊ. तुमच्या बाटल्यांनी क्रम अगदी बरोबर लावलाय.

पण एक गोम आहे, ती आधी सांगतो. चार थेंब म्हणजे साधारण ०.२ मिली. टिंक्चरमध्ये आयोडीन २ टक्के धरा. म्हणजे बाटलीत पडलं जेमतेम ४ मिलिग्रॅम आयोडीन. तुमचा चमचा ४ ग्रॅमचा धरला तर तेवढं खोबरेल, आयोडीन मूल्य ८ धरूनही, ३२० मिलिग्रॅम आयोडीन पचवू शकतं. ऐंशीपट! म्हणजे खोबरेलातही दुहेरी बंध आहेत, आणि तुमचे चार थेंब जिरवायला ते उदंड झाले. फक्त ते विरळ आहेत. सूर्यफुलात आयोडीनला पावलोपावली दुहेरी बंध भेटतो, खोबरेलात त्याला गर्दीत हरवलेल्या पोरासारखं शोधत फिरावं लागतं. तुम्ही मोजलात तो वेग, प्रमाण वेगळं. रात्रभर ठेवून बघा.

आम्ही नुसतं आयोडीन वापरत नसू, ते याच कारणाने: फार रेंगाळतं. विज्सचं द्रावण वापरायचं, म्हणजे आयोडीन मोनोक्लोराइड. तेलात ते घालून, बूच लावून, फ्लास्क अर्धा तास कपाटात अंधारात. मग पोटॅशियम आयोडाइड, आणि उरलेल्या आयोडीनचं थायोने (सोडियम थायोसल्फेटने) अनुमापन, म्हणजे थेंबाथेंबाने मोजणी. शेवटी स्टार्च. निळा रंग फिका होत होत एका थेंबाला जातो. तो थेंब मी हजारो वेळा पाहिला असेन, तरी दर वेळी श्वास धरला जायचा. आणि प्रत्येक बॅचला तेल न घातलेला एक फ्लास्क, तो ब्लँक. तुमच्या पातेल्यात ब्लँक नव्हता. आयोडीन गरम पाण्यात ठेवल्यावर उडूनही जातं, म्हणून रंग गेला तो अभिक्रियेने की हवेत, हे कळायला पाचवी बाटली हवी. लिक्विड पॅराफिन घ्या, मेडिकलमध्ये मिळतं. ते शुद्ध संपृक्त हायड्रोकार्बन, त्यात आयोडीनने कितीही धडपड केली तरी दुहेरी बंध सापडणार नाही. बाटल्यांना झाकणं लावा.

आता घट्ट-पातळ. कुठलंही तेल-तूप घ्या, रेणूचा साचा एकच: ग्लिसरॉलच्या तीन हातांना तीन मेदाम्लं लटकलेली. लेकीच्या पुस्तकातलं ईस्टर ते हेच. ही मेदाम्लं म्हणजे कार्बनच्या लांब साखळ्या, टोकाला आम्लाचा गट. खराट्याचे हीर डोळ्यांपुढे आणा. सगळे हीर सरळ असले तर जुडी घट्ट बसते, सुटायला जोर लागतो, म्हणजे वितळायला उष्णता जास्त लागते. आणि हीर लांब असले तर अंगाला अंग लागायची जागा जास्त, जुडी आणखी पक्की. आकडेच देतो, सगळी सरळ साखळीची संपृक्त आम्लं:

१२ कार्बनचं लॉरिक, वितळबिंदू ४४ अंश. १४ चं मायरिस्टिक, ५४. १६ चं पामिटिक, ६३. १८ चं स्टिअरिक, ६९.

आता त्याच १८ कार्बनच्या साखळीत मधोमध एक दुहेरी बंध घाला. ते ओलेइक आम्ल. वितळबिंदू १३! कार्बन तितकेच, दोन हायड्रोजन कमी, आणि छपन्न अंशांची घसरण. कारण दुहेरी बंधापाशी साखळी फिरू शकत नाही, आणि आपल्या तेलांत त्या बंधाच्या दोन्हीकडचे हायड्रोजन एकाच बाजूला असतात. तिथे साखळीला कोपरा पडतो. वाकडा हीर जुडीत बसत नाही.

म्हणजे दोन गोष्टी एकाच वेळी चालू असतात, लांबी आणि वाक. तुमच्या क्लासच्या वहीत फक्त वाक आहे.

खोबरेलात वाक जवळजवळ नाही, पण साखळ्या आखूड. निम्म्याच्या आसपास लॉरिक, शिवाय ८ आणि १० कार्बनचीही थोडी. आठ कार्बनचं आम्ल तर १६-१७ अंशांनाच वितळतं. आखूड हीर, त्यातही आठ, दहा, बारा, चौदा अशा सगळ्या मापांची खिचडी. जुडी कशी टिकणार? म्हणून २४-२५ अंशांनाच सुटते. डोंबिवलीची जानेवारीतली सकाळ त्याच्या खाली, दुपार वर. बंध सकाळी जितके होते तितकेच दुपारी, एकही इकडचा तिकडे होत नाही. बर्फाचं पाणी होताना पाण्याचं सूत्र कुठे बदलतं?

मुठेल हा जास्त मजेदार नग आहे. त्यात निम्म्याहून जास्त स्टिअरिक आणि उरलेलं बहुतेक ओलेइक. ओलेइक आहे म्हणून आयोडीन पचवतं. मग वाकडे हीर असून घट्ट कसं? कारण त्याच्या बहुतेक रेणूंची मांडणी एकसारखी असते: बाहेरच्या दोन हातांना सरळ स्टिअरिक, मधल्या हाताला वाकडं ओलेइक. मंगल कार्यालयातल्या प्लास्टिकच्या खुर्च्या आठवा. खुर्ची काही सरळ वस्तू नाही, पण सगळ्या एकाच साच्यातल्या असल्या की छतापर्यंत चळत लागते. चार दुकानांच्या चार तऱ्हेच्या आणा, तीनसुद्धा एकावर एक बसणार नाहीत. मुठेल ही एका साच्याच्या खुर्च्यांची चळत, चाळीस अंशांच्या आसपास सुटणारी. तीनही हातांना ओलेइक असतं तर तेच ५ अंशांना वितळलं असतं.

जाता जाता, ही नावं रुक्ष वाटतात पण बाजारातून आलीत. मायरिस्टिक हे जायफळाच्या शास्त्रीय नावावरून, पामिटिक पामवरून, २० कार्बनचं अराकिडिक आम्ल भुईमुगाच्या नावावरून. स्टिअरिक ग्रीकमधल्या चरबीवरून. स्टिअरिक आणि ओलेइक चरबीतून वेगळी काढणारा फ्रेंच माणूस मिशेल शेव्रल. त्याचं मेदांवरचं पुस्तक १८२३ चं, आणि गडी १०२ वर्षं जगला. तेलातली माणसं चिवट असतात.

---

रातांबा (कुडाळ)

आमच्याकडे अजून घरी करतात म्हणून लिहितो. रातांबे फोडून सालं सुकायला, रस आगळाला (खारवून टिकवलेल्या कोकम-रसाला), आणि बिया धुऊन उन्हात. कडकडीत सुकल्या की वरचं टरफल फोडायचं, आतला गर कुटायचा, पाणी घालून चुलीवर रटरटवायचा. तेल वर तरंगतं, ते पळीने काढायचं. निवत आलं की हातात घेऊन मुठीने दाबायचं. मुठीचा आकार, म्हणून मुठेल. बोटांचे ठसे दिसतात गोळ्यावर.

ब्लँक काकांनी चाळीस अंश सांगितलं, ते हाताला कळतं. मे महिन्यात पडवीत गोळे मऊ पडतात पण वितळून वाहत नाहीत. टाचेवर घासलं की मात्र कातडीची ऊब आणि घर्षण मिळून जेमतेम पसरतं.

एक भर. युरोपात चॉकलेटमध्ये कोको बटरच्या जोडीला सहाच वनस्पतींचे मेद चालतात, तेही ५ टक्क्यांपर्यंत. त्या सहांत आपलं कोकम आहे आणि आंब्याच्या कोयीतला मेदही आहे. आम्ही कोयी उकिरड्यावर टाकतो.

---

शंकासुर

@ब्लँक_रीडिंग, खुर्च्यांचं पटलं. पण वनस्पती तुपाने रंग का घालवला? हायड्रोजन घालून दुहेरी बंध संपवलेत ना? आणि ट्रान्स फॅट म्हणतात ते यातच कुठे बसतं?

---

ब्लँक_रीडिंग

संपवत नाहीत हो. सगळे दुहेरी बंध भरले तर मेणबत्ती होईल, पोळीला लावता यायचं नाही. म्हणून हायड्रोजन अर्ध्यावर थांबवायचे. आणि तिथेच गडबड. निकेलच्या पृष्ठभागावर दुहेरी बंध उघडतो, कधी हायड्रोजन न घेताच परत मिटतो, आणि मिटताना कधीकधी उलटा मिटतो: दोन हायड्रोजन आता एकमेकांच्या विरुद्ध बाजूंना. हे ट्रान्स. कोपरा जवळजवळ सरळ होतो. ओलेइकचंच हे रूप, नाव इलॅइडिक आम्ल, वितळबिंदू १३ वरून ४५ च्या आसपास. एकही अणू कमी-जास्त नाही, नुसती बाजू बदलली. लेकीला समघटकता शिकवाल तेव्हा ही जोडी सांगा, ब्युटेन-आयसोब्युटेनपेक्षा लक्षात राहील. (पेपरात मात्र ब्युटेनच लिहायला सांगा, नाहीतर डस्टरवाले सर मला मारतील.)

रक्तवाहिन्यांना हे ट्रान्स वाईट, म्हणून जानेवारी २०२२ पासून आपल्याकडे तेल-तुपात ते २ टक्क्यांच्या वर चालत नाही. आता वनस्पतीत घट्टपणासाठी बरेचदा पामतेलाचा घट्ट भाग वापरतात. त्यातही ओलेइक असतंच. तुमच्या डब्यात काय होतं ते वेष्टनावर वाचा, पण रंग जाणं दोन्ही वाटांनी अपेक्षितच.

---

फळा_आणि_डस्टर

मारणार नाही. पण ट्रान्स-बिन्स दहावीच्या पोरांपुढे काढू नका, फेब्रुवारी तोंडावर आलीय.

---

बारावी_कॉमर्स

सगळ्यांचे आभार. डस्टर सरांचं ऐकून आधी पेपरापुरतं घोकून घेतलं, मगच पुन्हा बाटल्या काढल्या.

या वेळी पाच. पाचवीत लिक्विड पॅराफिन. सगळ्यांना झाकणं. गरम पाण्यात पाचच मिनिटं, मग पातेल्यातून काढून खोक्यात घालून कपाटात, काकांच्या फ्लास्कसारख्या. दर अर्ध्या तासाने लेक उघडून बघणार आणि वहीत लिहिणार असं ठरलं. रात्री साडेअकराला मीच दिवे बंद करायला लावले.

सकाळी: सूर्यफूल, वनस्पती, मुठेल, तिन्हींचा रंग गेलेला. खोबरेल गोठलं होतं म्हणून कोमट पाण्यात धरलं, तर खरंच, कालचा कोरा चहा आज पाणचट झालेला! पूर्ण पांढरं नाही, पण ओळखू येण्याइतका उतार. पॅराफिनमध्ये रंग तसाच.

पण काका, आता नवीन भानगड. पॅराफिनमधला रंग तपकिरी नाहीच. तळाशी टिंक्चरचा तपकिरी थेंब वेगळा बसलाय आणि वरचं पॅराफिन गुलाबी-जांभळं. लेकीचं म्हणणं, आयोडीन तेच, बाटली तीच, मग रंग दोन कसे? आणि हे माझ्या प्रयोगाचं पुस्तकात का नाही? (दुसऱ्याचं उत्तर मी दिलं.)

---

ब्लँक_रीडिंग

सुंदर! जांभळा हा आयोडीनचा स्वतःचा रंग. त्याची वाफ असते तोच. पॅराफिनमध्ये आयोडीनच्या रेणूला धरणारं कुणी नाही, तो तिथे मोकळा, म्हणून जांभळा. अल्कोहोलमध्ये ऑक्सिजन आहे, तो आपल्या इलेक्ट्रॉनच्या जोडीने आयोडीनला चिकटतो, शिवाय टिंक्चरमध्ये पोटॅशियम आयोडाइडही असतं, तेही त्याला धरून बसतं. धरलेलं आयोडीन तपकिरी. अल्कोहोल पॅराफिनमध्ये नीट मिसळत नाही म्हणून थेंब खाली, आणि त्यातून सुटलेलं थोडं आयोडीन वर.

तिला म्हणावं, हे मी नोकरीच्या दुसऱ्या वर्षी पाहिलं आणि साहेबांना विचारायची हिंमत झाली नाही.

---

बारावी_कॉमर्स

वाचून दाखवलं. कॉलर ताठ झालीय.

आता साजूक तूप करायचं म्हणतेय, गाईचं आणि म्हशीचं शेजारी शेजारी. सासूबाईंनी उरलेलं मुठेल स्वतःच्या पेटीत नेऊन ठेवलंय आणि तुपाच्या बरणीजवळ खुर्ची टाकून बसल्यात. एकेक चमचा मिळतो का बघते.